नाही म्हणणाऱ्याचे काय करता?

२०२६ च्या जानेवारीतील एका थंड सकाळी आम्ही चंद्रपूर शहरातील एका शाळेच्या व्हरांड्यात मतदारांच्या रांगेत उभे होतो. महानगरपालिकेची मुदत २०२२ साली संपली होती. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आमच्या मागे कानटोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे होते. रांग पुढे सरकेना, तेव्हा ते आपणहूनच बोलू लागले, “मेंबर नव्हता बाप्पा इतके वर्षं. कागदावर सही मागाले कोनाकडं जावं, समजेचना.”

आमच्या भागात नगरसेवकाला आजही ‘मेंबर’ असेच म्हणतात. हा शब्द जुना आहे. चांद्याची नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली आणि २०११ साली तिची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, तरी लोकांच्या तोंडी मेंबर तो मेंबरच राहिला. गोंड राजांच्या परकोटाच्या आत काय आणि बाहेर पसरलेल्या नव्या वस्त्यांत काय, मेंबर म्हणजे ज्याच्या दारावर रात्री अपरात्री थाप मारता येते असा माणूस. नळाला पाणी नाही, नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, म्हाताऱ्या आईचा निराधार योजनेचा अर्ज अडला, अशा कामांत त्याची कारकीर्द खर्ची पडते. या कामांची बातमी होत नाही आणि त्यांची नोंद कोठल्याही चरित्रग्रंथात सापडत नाही. मेंबर असताना लोक त्याच्या नावाने बोटे मोडतात. तो नसला म्हणजे मात्र उंबरठाच नाहीसा झाल्यासारखे वाटते.

मत देऊन घरी परतताना आमच्या मनात एक प्रश्न घोळू लागला. एखादा माणूस वर्षानुवर्षे सभासद राहतो, त्याच्या कारकिर्दीचे मोजमाप कशाने करावे? किती वेळा निवडून आला, यावरून? किती रस्ते झाले, यावरून? की आणखी कशावरून? हा प्रश्न आम्हांला परका नव्हता. किंबहुना तो आमचा स्वतःचाच होता. ते कसे, हे पुढे येईलच.

आपल्या ख्रिस्ती घरांत दीर्घकाळ सेवा केलेल्या नगरसेवकाचे नाव निघाले, की प्रथम आठवतात ते जोसेफ बाप्टिस्टा, अर्थात काका बाप्टिस्टा. मुंबईच्या माझगावातील माथारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी ईस्ट इंडियन समाजात त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिक्षण घेऊन तरुणपणी त्यांनी सिंधमध्ये वनखात्याची नोकरी केली. पुढे केंब्रिजला जाऊन ते पदवीधर व बॅरिस्टर होऊन परतले आणि १९०१ साली मुंबई महापालिकेत निवडून आले. सुमारे सतरा वर्षे ते तेथे सभासद होते. १९२५ साली त्या महापालिकेचे अध्यक्षपद, म्हणजे आजच्या भाषेत महापौरपद, त्यांच्याकडे आले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष म्हणून बाप्टिस्टांची निवड झाली. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

या माणसाला लोक ‘काका’ म्हणत, हे आम्हांला त्यांच्या सर्व पदांहून मोठे वाटते. मुंबईत ख्रिस्ती समाज संख्येने थोडा. केवळ आपल्या धर्मबांधवांपुरते बोलून त्यांना आपली जागा राखता आली असती. परंतु त्यांनी गिरणीकामगारांची व टपालखात्यातील शिपायांची बाजू घेतली. जो सभागृहात येऊ शकत नाही, त्याचे म्हणणे सभागृहात नेणे, हेच त्यांनी सभासदाचे काम मानले, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

काकांचे नाव घेतल्यावर स्वतःविषयी बोलणे धारिष्ट्याचे आहे. तथापि या लेखाचे कारण तेच आहे. आम्हीही मेंबर होतो. महापालिकेत नव्हे, आमच्या धर्मग्रामाच्या परिषदेत. आणि तेही थोडीथोडकी नव्हे, सलग अठरा वर्षे. चंद्रपूर-गडचिरोलीचा हा मुलूख चर्चच्या इतिहासात तसा नवा आहे. चांदा मिशन १९६२ साली सुरू झाले आणि बल्लारपूर हे त्याचे केंद्र झाले. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, कागदाचा कारखाना, शाळा, इस्पितळे यांच्या निमित्ताने येथे माणसे आली. कोणी केरळातून, कोणी तमिळनाडूतून, कोणी छोटा नागपूरकडून, तर आमच्यासारखे काही वसई-नगरकडून बदलीच्या कागदावर आले आणि येथेच रुजले. अशा मिश्र धर्मग्रामात परिषदेचा कारभार चालवणे सोपे नव्हते. आम्ही चिटणीस होतो. इतिवृत्त नीट ठेवायचो, हिशेब वेळेवर सादर करायचो, सणाच्या मंडपापासून दफनभूमीच्या कुंपणापर्यंत सगळे पाहायचो. आम्हांला आमच्या कामाचा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

२०१६ साली परिषदेपुढे एक विषय आला. रविवारी पहाटे सहा वाजता मराठी मिस्सा होत असे. तिला माणसे थोडी, तीस-पस्तीस. फादर एकटे, त्यांना दुपारपर्यंत आणखी दोन गावांतील केंद्रांवर जायचे असे. पहाटेची मिस्सा बंद करून सर्वांनी नऊच्या मिस्सेला यावे, असा प्रस्ताव आम्हीच लिहिला होता. त्यात काही वावगे होते असे आजही वाटत नाही. हात वर झाले. अकरा बाजूने, दोन विरुद्ध. ते दोन हात स्त्रियांचे होते. त्यांतील एक बाई, वयाने साठीच्या, वसाहतीतील घरांत धुणीभांडी करणाऱ्या. त्या उठून एवढेच म्हणाल्या, “नऊला आमचं काम राहते जी.” कोणीतरी म्हणाले, “मालकिणीला सांगून बघा.” विषय संपला. इतिवृत्तात आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहिले, ‘प्रस्ताव बहुमताने मंजूर’. पुढचा विषय रंगकामाचा होता.

नंतरच्या महिन्यांत काही बिघडल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही. नऊची मिस्सा भरगच्च होत असे, गायनवृंद उत्तम होता. २०१७ च्या झावळ्यांच्या रविवारी मात्र देवळाच्या पायरीवर झावळ्याच नव्हत्या. दरवर्षी आदल्या दिवशी काही बायका शिंदीच्या कोवळ्या झावळ्या आणून, पायरीवर बसून, त्यांचे लहान लहान क्रूस विणून ठेवीत. ते काम कोण करते याची परिषदेने कधी चौकशी केली नव्हती. कारण ते न सांगता होत असे. त्या दिवशी धावपळ करून कोठून तरी पाने आणली गेली. मिरवणूक निघाली तेव्हा आम्ही रांगेत त्या बायकांचे चेहरे शोधले. एकही दिसला नाही. त्या जवळजवळ वर्षभर मिस्सेला येत नव्हत्या आणि चिटणिसाला त्याचा पत्ता नव्हता.

हे शल्य घेऊनच त्या वर्षाच्या हिवाळ्यात आम्ही मेंढ्याला गेलो. मुद्दाम त्यासाठी गेलो नव्हतो. काही शिक्षक मित्रांची सहल निघाली होती, तिच्यात आम्ही सामील झालो. चंद्रपूरहून मूल, सावली ओलांडून व्याहाडजवळ वैनगंगेचा पूल लागतो. पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९८२ साली तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले, की दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येते : साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूची बेटे. तीसेक किलोमीटरवर मेंढा हे छोटे गोंड गाव आहे. शेजारच्या गावामुळे त्याला मेंढा-लेखा असेही म्हणतात. वस्ती पाचशेच्या आसपास. मातीची स्वच्छ सारवलेली अंगणे, कौलारू घरे. गावाची एक घोषणा तेथे वाचायला मिळते. गोंडीत ‘मावा नाटे माटे सरकार’. आणि मराठीत, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’.

प्रथम वाचताना ही घोषणा बंडखोरीची वाटते. थोडे थांबून वाचले तर ध्यानात येते, की तिच्या पहिल्या अर्ध्या भागात दिल्ली-मुंबईचे सरकारही ‘आमचेच’ म्हटले आहे. नाकारले आहे ते इतकेच, की आमच्या अंगणातला निर्णय दुसऱ्याने करावा.

या गावाची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक वाचकांच्या परिचयाचे असेल. आम्ही ती येथे थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणे होणार होती. त्यांत विस्तीर्ण जंगल आणि अनेक आदिवासी गावे बुडणार होती. बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. आदिवासींनी मोर्चे काढले. धरणे मागे पडली. त्या आंदोलनात मेंढ्याचा एक तरुण होता, देवाजी तोफा. संघटित माणसे काय करू शकतात, हे त्याने तेथे पाहिले. पुढे गावाने आपली परंपरागत युवागृहाची, म्हणजे घोटुलाची, इमारत पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा जंगलातील लाकूड वापरल्यावरून वनखात्याने ती पाडली. गावाने भांडण केले नाही. आसपासच्या गावांना बोलावून विचार केला आणि घोटूल पुन्हा उभे केले.

याच सुमारास चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल या गावात आले. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेला हा कार्यकर्ता ‘वृक्षमित्र’ संस्थेचे काम करीत होता. आपल्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लावणारा हा मनुष्य गावाला काही द्यायला आला नव्हता. स्वतःचे निर्णय स्वतः, सर्वसंमतीने घेणारे गाव कसे चालते, याचा अभ्यास करायला तो आला होता. देवाजी आणि मोहनभाऊ यांची ही मैत्री मोहनभाऊंच्या निधनापर्यंत, २०२५ च्या जानेवारीपर्यंत टिकली.

मेंढ्यात जे आम्ही पाहिले व ऐकले, त्यातला गाभा असा. गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष हा ग्रामसभेचा सभासद. त्याला कोणी निवडून दिलेले नसते, म्हणून त्याला कोणी पाडूही शकत नाही. निर्णय मतदानाने होत नाही. सर्वांची संमती झाली तरच होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. निर्णयाआधी अभ्यास गट बसतो. त्यात बाहेरचा जाणकारही येऊ शकतो, वाद घालू शकतो. परंतु अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नाही आणि ग्रामसभेत बाहेरच्याला निर्णयाचा हक्क नाही. वनखात्याचा अधिकारी असो की संस्थेचा कार्यकर्ता, गावात काही करायचे तर त्याने आधी सभेपुढे येऊन आपले म्हणणे मांडायचे. जंगलातून मिळणाऱ्या मजुरीतला काही भाग प्रत्येक जण ग्रामकोषात टाकतो. फळे देणारी झाडे तोडायची नाहीत, गरजेचे लाकूडही सभेला विचारून आणायचे, हे नियमही सभेनेच केलेले.

ही पद्धत संथ आहे, हे मेंढ्याचे लोक स्वतःच सांगतात. दारूचा विषय किती बैठका चालला, हे ऐकून आम्ही थक्क झालो. स्त्रियांना दारू नको होती. देवाच्या पूजेत मोहाची दारू लागते, असे दुसरे म्हणत. अखेर पूजेपुरती सवलत ठेवून बाकी बंदी, असा मार्ग निघाला. या संथपणाला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या चंद्रपूरकडे पाहावे. येथे स्त्रियांनी मोर्चे काढले, नागपूरपर्यंत पायी गेल्या, आणि २०१५ च्या एप्रिलपासून सरकारने जिल्ह्यात दारूबंदी केली. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. मागणी खालून गेली होती. परंतु देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार वरच राहिला होता. मेंढ्याचा नियम मंत्रालयात रद्द होऊ शकत नाही, कारण तो तेथे झालेलाच नाही.

संथपणे चालणाऱ्या या गावाने मोठी मजल मारली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मान्यता दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्काची वाट उघडली. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबूचे अडले. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. १९२७ चा जुना वन कायदा त्याला लाकूड समजे. बांबू तुमचा, पण त्याच्या वाहतुकीचा परवाना आमचा, असे वनखात्याचे म्हणणे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्यांच्या जंगलातून कागदासाठी वर्षानुवर्षे बांबू जात होता, त्यांना तो स्वतः विकण्यासाठी इतका काळ वाट पाहावी लागली. पुढे २०१३ साली याच गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. तेही सर्वसंमतीने.

या साऱ्या चाळीस वर्षांत देवाजी तोफा यांचे नाव सर्वत्र येते. बाहेरून येणारे त्यांना नेता म्हणतात. मेंढ्याच्या व्यवस्थेत मात्र ते एक सभासद आहेत, पाचशेंतला एक. त्यांचे मत एक आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीचेही एक. एखाद्या माणसाने चार दशके सभेत बसावे, बोलावे, वाट पाहावी, आणि तरीही त्याच्यावाचून सभा अडू नये, हीच कारकीर्द आम्हांला आमच्या सुवाच्य इतिवृत्तांपुढे फार मोठी वाटली.

मेंढ्यातील त्या दुपारी बोलणे चालू असता एका वयस्क गावकऱ्याने आमची चौकशी केली. आम्ही काय करतो, कोठे राहतो. आम्ही थोड्या ऐटीने सांगितले, की आमच्या चर्चचीही एक सभा आहे आणि आम्ही तिचे चिटणीस आहोत. “तुमच्याकडं निर्णय कसा करता?” आम्ही म्हणालो, “बहुमताने.” त्यांनी शांतपणे विचारले, “मग नाही म्हणनाऱ्याचं काय करता?”

आम्ही म्हणालो, “नोंद करतो.”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. त्यांनी मान हलवली आणि चहाचा पेला आमच्या हाती दिला. परतीच्या वाटेवर, वैनगंगेच्या पुलावर संध्याकाळ झाली तरी ते दोन वर गेलेले हात आमच्या डोळ्यांपुढून हलेनात. आम्ही खरोखरच त्यांची नोंद केली होती. दुसरे काहीही केले नव्हते.

वाचकहो, मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी शहरात आणता येईल असे आम्ही म्हणत नाही. पाचशे माणसे एका मांडवाखाली बसू शकतात. तीन लाखांहून मोठे शहर बसू शकत नाही. तेथे मेंबर हवाच, आणि तो नसला की काय होते हे रांगेतल्या त्या वृद्धाने सांगितलेच. सर्वसंमतीतही धोके आहेत. एखादा हट्टाने सर्वांना वेठीस धरू शकतो. उलट, सर्वांपुढे एकट्याने नाही म्हणण्याचा धीर न झाल्याने एखादा गप्प बसतो आणि त्या मौनाला संमती समजले जाते. शिवाय मेंढ्याला जे मिळाले ते संसदेने केलेल्या कायद्यांमुळे, म्हणजे कोणाच्या तरी प्रतिनिधींमुळेच मिळाले, हेही विसरता येत नाही. प्रतिनिधी हवेत, बहुमतही अनेकदा लागतेच. प्रश्न आहे तो हात मोजून झाल्यावरचा.

आपल्या चर्चला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेममधील सभेची हकिगत आहे. यहुदी नसलेल्या नव्या श्रद्धावंतांवर सुंतेची सक्ती करावी की नाही, यावर मोठा वाद झाला. तेथे पेत्राने, बर्णबाने व पौलाने आपले अनुभव सांगितले, सभेने शांतपणे ऐकले, मग याकोब बोलला. आणि जो निर्णय झाला तो सर्वांचा आणि पवित्र आत्म्याचा म्हणून कळवला गेला. किती हात वर झाले, हे संत लूकने लिहून ठेवलेले नाही. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात असे तत्त्व मांडले, की लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. मेंढ्याच्या लोकांनी ते परिपत्रक वाचलेले नाही; त्यांनी ते जगून दाखवले आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेल्या सिनडची वाटचाल २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, तिचा सारा भर एकमेकांचे ऐकण्यावर होता. २०२३ च्या अधिवेशनात प्रथमच स्त्रियांनाही मताचा अधिकार मिळाला.

धर्मग्रामाच्या परिषदेला अधिकार तो काय, असे कोणी म्हणेल. लॅटिन विधीच्या १९८३ च्या संहितेतील ५३६ व्या कलमाने तिला केवळ सल्ला देण्याचा अधिकार दिला आहे. आमच्याकडेही व्यवहार तोच. परंतु सल्ला देणाऱ्यावर तर ऐकण्याची जबाबदारी दुप्पट आहे. ज्याने ऐकलेच नाही, तो फादरांना सल्ला कसला देणार? त्या दिवशी आम्ही फादरांना अकरा जणांचे म्हणणे सांगितले. उरलेल्या दोघींचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हेच खरे तर चिटणिसाचे काम होते.

मेंढ्याहून परतल्यावर आठवड्याभराने आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. अठरा वर्षांत प्रथमच त्या वस्तीत पाऊल टाकत होतो. त्यांनी बाज टाकली, पाणी दिले. आम्ही चुकलो असे म्हणालो, तेव्हा त्यांना संकोच वाटला. त्या म्हणाल्या, “तुम्ही लिहून घेतलं होतं जी, मी पाहिलं होतं. मला वाटलं, लिहिलं म्हणजे झालं. कोनी इचाराले येईल. मी वाट पाहिली.” घरात त्या रोज संध्याकाळी नातवंडांना घेऊन रोझरी म्हणत होत्या. देवाला त्या विसरल्या नव्हत्या. आम्ही त्यांना विसरलो होतो.

पुढच्या बैठकीत विषय पुन्हा मांडला. मांडताना आम्हीच आमचा जुना प्रस्ताव मागे घेतला. मतदान घेतले नाही. ती बैठक मिस्सेनंतर अंगणात, झाडाखाली झाली आणि ज्यांना यायचे त्यांना येऊ दिले. चार बैठका झाल्या. चिडचीड झाली, एक जण उठूनही गेला. फादरांची अडचण खरी होती, तिचाही विचार करावा लागला. अखेर ठरले ते असे : महिन्यातील दोन रविवारी पहाटे सहाची मराठी मिस्सा होईल आणि उरलेल्या रविवारी शनिवारची सायंकाळची. सर्वांचे पूर्ण समाधान झाले नाही. परंतु ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले नाही. पहाटे आजही तीस-पस्तीसच माणसे असतात. त्या सगळ्याच बायका परत आल्या असेही नाही. दोघी-तिघी आता दुसऱ्या प्रार्थनास्थळी जातात. उशीर झाला की काही माणसे कायमची जातात, हेही आम्हांला शिकावे लागले.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही चिटणीसपद सोडले. निरोपाच्या छोट्या समारंभात कोणीतरी आमच्या ‘दीर्घ सेवेचा’ गौरव केला, शाल दिली. त्या वेळी आम्ही जुने इतिवृत्त चाळत होतो. अठरा वर्षांत ‘एकमताने’ किंवा ‘बहुमताने’ असे शेकडो ठराव लिहिलेले होते. एकाही ठरावाखाली, विरोध करणाऱ्याच्या घरी कोणी गेल्याची नोंद नव्हती. काका बाप्टिस्टांच्या सतरा वर्षांपेक्षा आमचे एक वर्ष जास्त भरले होते. एवढीच काय ती बरोबरी.

परवाच्या जानेवारीत मत देऊन आलो, त्याला आता काही महिने झाले. आमच्या प्रभागात नवे मेंबर आले आहेत. आम्ही त्यांना भेटायला गेलो नाही अजून. जाऊ तेव्हा रस्त्याचे किंवा दिव्याचे काही मागण्याआधी एवढेच विचारावे म्हणतो, की ज्यांनी तुम्हांला मत दिले नाही त्यांच्या गल्लीत तुम्ही कधी जाणार आहात? आणि जो वाचक आपल्या धर्मग्रामाच्या, सोसायटीच्या वा महिला मंडळाच्या सभेत बसत असेल, त्यालाही आमची हात जोडून विनंती आहे. पुढच्या बैठकीत हात वर होतील तेव्हा खाली राहिलेले हात पाहून ठेवावेत, आणि सभा संपल्यावर त्यांतील एकाच्या घरी जावे.

या वर्षीच्या झावळ्यांच्या शनिवारी आम्ही देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो. त्या बाई आता सत्तरीच्या आहेत, डोळ्यांना कमी दिसते. त्यांनी आम्हांला शिंदीची एक पात दिली आणि क्रूस कसा विणतात ते दाखवले. आमचा क्रूस वाकडाच झाला. त्यांनी तो उसवला, आणि पुन्हा विणायला आमच्याच हाती दिला.